घड्याळाला वेळ कोण सांगतो?

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात कुंभारी येते. एके काळी ज्वारीच्या शिवारातले हे साधे गाव. पण २००६ साली येथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि २०२४ च्या जानेवारीत शेजारच्या रे नगरातील पहिली पंधरा हजार घरे लोकांच्या ताब्यात गेली. त्यामुळे कुंभारी आता नुसते गाव राहिलेले नाही. अशाच एका घरात मला गेल्या वर्षी एका घड्याळाची तक्रार ऐकायला बोलावणे आले. मी निवृत्त शिक्षक. घड्याळजी नव्हे. पण मास्तराला सगळे येते असा खेड्यात समज असतो, आणि तो मोडायला मास्तरही फारसा उत्सुक नसतो.

घड्याळ मोठे विचित्र होते. भिंतीवरचे नव्हे, मनगटावरचे नव्हे. घरातला मुलगा अकरावीत शिकतो. त्याला विमानाचे वेड. त्याच्या मामाने पुण्याहून एक जुना संगणक आणि त्याला जोडायचा एक दांडा आणून दिला होता. संगणकाच्या पडद्यावर विमान उडते, आणि हा दांडा पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे कलता केला की तेही तसेच कलते. खऱ्या विमानातल्या दांड्याची ती नक्कल. त्याच्या जोडीला जो इंजिनाचा खटका असतो, त्यावर आगपेटीएवढी एक काच होती, आणि काचेत वेळ उमटत होती : ७ वाजून ४२ मिनिटे. आम्ही चहा घेतला तरी ७.४२. मी निघायला उठलो तरी ७.४२.

"सर, घड्याळ थांबलंय बघा," मुलगा म्हणाला.

"सेल संपला असेल," मी म्हणालो.

"ह्याला सेलच नाही की हो सर. आत घड्याळच नाही. नुसती काच आहे."

तो म्हणाला ते खरे होते. त्या काचेला वेळ मोजता येत नाही. संगणकाने तास आणि मिनिटे पाठवायची, काचेने ती दाखवायची. संगणकाने एकदा पाठवून पुन्हा पाठवलीच नाहीत, तर काच तीच वेळ कवटाळून बसते. घरी आल्यावर मला वाटले, ही नवलाई जितकी नवी दिसते तितकी नवी नाही. आपल्या देशात घड्याळ म्हणून जे जे झाले, त्याच्या मागे त्याला वेळ सांगणारा कोणी तरी उभा होताच. तो कोण होता, आणि त्याचे ऐकायचे की नाही यावरून आपल्याकडे एकदा दगडफेकही झाली, ती हकिकत आज सांगायची आहे.

लग्नाच्या मांडवात जुन्या काळी जोशीबुवा घटिका लावून बसत, हे वडीलधाऱ्यांनी ऐकलेले तरी असेल. पाण्याने भरलेले मोठे पात्र. त्यावर तांब्याची पातळ वाटी सोडायची, आणि वाटीच्या बुडाला बारीक भोक. भोकातून हळूहळू पाणी वर येते, वाटी भरते, बुडते. ती बुडायला लागणारा वेळ म्हणजे एक घटका, आजची २४ मिनिटे. दिवस आणि रात्र मिळून अशा ६० घटका. एका घटकेची ६० पळे, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचे. आपण पाहुण्याला "घटकाभर बसा" म्हणतो, ते या वाटीमुळे. आणि एखाद्याची "घटका भरली" म्हणतो, तेही हिच्यामुळेच.

आता पाहा, ही वाटी एकदा बुडाली की तिचे काम संपले. ती आपण होऊन वर येत नाही. कोणी तरी ती उचलायची, रिकामी करायची, पुन्हा पाण्यावर सोडायची, आणि किती झाल्या ते लक्षात ठेवायचे. राजवाड्यात, मोठ्या देवळांत यासाठी माणसे नेमलेली असत. एक घटका भरली की ते काशाच्या जाड थाळीवर टोला देत. या थाळीला "तास" म्हणत, आणि तिच्यावरून आपल्या साठ मिनिटांच्या काळाला तास हे नाव मिळाले. थाळीवाल्याला डुलकी लागली तर सगळ्या वाड्याची वेळ मागे पडणार. पण त्यावर उपायही होता. मोजणी रोज सूर्योदयापासून नव्याने सुरू होई. आदल्या दिवशीची चूक सूर्य उगवला की पुसली जाई.

भास्कराचार्यांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. भास्कराचार्य जन्मले १११४ साली. त्यांची कन्या लीलावती हिच्या लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र लावले होते. मुलगी कौतुकाने वाकून पाहू लागली, तिच्या अलंकारातला एक मोती निसटून वाटीत पडला, आणि भोकावर जाऊन बसला. पाणी येईना, वाटी बुडेना, मुहूर्त कधी टळला ते कळलेच नाही. ही गोष्ट इतिहास म्हणून सांगता येत नाही. तिचा लेखी उल्लेख अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली लीलावतीचे फारसी भाषांतर केले त्यात येतो, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. पण मला ती गोष्ट एका कारणासाठी आवडते. घड्याळ थांबले आहे हे घड्याळाकडे पाहून कळत नाही, हे तिच्यात बरोबर आले आहे. मांडवभर माणसे बसली होती, आणि सगळे वाटीकडेच पाहत होते!

सूर्योदयापासून मोजायचे म्हटले की एक गोष्ट ओघाने आली : प्रत्येक गावाची वेळ निराळी. पूर्वेच्या गावाला सूर्य आधी, पश्चिमेच्याला मागून. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटे घेते. तेव्हा मुंबईत मध्यान्ह होण्याआधी साडेबारा मिनिटे सोलापुरात मध्यान्ह होते. याचा कोणाला त्रास नव्हता. पायी किंवा बैलगाडीने जाणाऱ्या माणसाला साडेबारा मिनिटांचे काय? पंचांग करणाऱ्यांना मात्र एक मूळ रेषा लागे, आणि ती त्यांनी उज्जयिनीवरून धरली होती. शिक्षकांनी नकाशा काढून मुलांना जरूर दाखवावे : उज्जैन आणि सोलापूर जवळजवळ एकाच उभ्या रेषेत येतात. उज्जैन ७५ अंश ४६ कला, सोलापूर ७५ अंश ५४ कला. दोन्हीकडच्या मध्यान्हात एक मिनिटाचाही फरक नाही. म्हणजे ग्रीनिचचे नावही आपल्याला ठाऊक नव्हते तेव्हा, वेळेच्या दृष्टीने, आपण सोलापूरकर अगदी पहिल्या रांगेत बसलेलो होतो.

मग आगगाडी आली.

मुंबई ते ठाणे गाडी १८५३ साली धावली. सोलापूरला ती १८६० साली पोचली. बोरघाटाचे अवघड काम तेव्हा पुरे व्हायचे होते, ते १८६३ साली झाले. पुढे हाच रस्ता वाढत वाढत १८७१ साली रायचूरला मद्रासच्या लोहमार्गाला मिळाला. दोन्ही रेल्वे एकमेकींना भेटल्या आणि पंचाईत झाली. एकाच रुळावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या दोन निरनिराळ्या घड्याळांवर चालवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. तेव्हा रेल्वेने मद्रासची वेळ सर्वांसाठी धरली. मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती, तेथे ताऱ्यांचे वेध घेऊन घड्याळ लावत. शिवाय मद्रास हे मुंबई आणि कलकत्ता यांच्या वेळांच्या साधारण मध्ये पडते. मद्रासची वेळ तारेने, म्हणजे टेलिग्राफने, दूरदूरच्या स्थानकांवर जाऊ लागली.

आपल्या सोलापूरच्या स्थानकावरचे घड्याळ अशा रीतीने आपल्या डोक्यावरच्या सूर्यापेक्षा १७ मिनिटे पुढे गेले. मला त्या काळच्या एखाद्या शेतकऱ्याची कल्पना करावीशी वाटते. सावली पाहून तो घरून वेळेवर निघाला असेल, स्थानकात वेळेवर पोचला असेल, आणि गाडी मात्र धूर सोडीत पुलापलीकडे गेलेली असेल. त्याचे कुठे चुकले? कुठेच नाही. त्याला मद्रासहून कोणी तार केली नव्हती, एवढेच.

रेल्वेची शिस्त मात्र पाहण्यासारखी. आजही भारतीय रेल्वेच्या सामान्य नियमांत असे आहे की, प्रमाणवेळ रोज १६ वाजता, म्हणजे दुपारी चारला, सर्व मुख्य स्थानकांना कळवली पाहिजे. आणि पुढे असे की, गाडी सुटण्याआधी गार्डने आपले घड्याळ स्थानकाच्या घड्याळाशी जुळवावे आणि ती वेळ इंजिनचालकाला सांगावी, चालकाने त्याप्रमाणे आपले घड्याळ लावावे. गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण नियमाचा अर्थ बदललेला नाही. दिंडीत टाळकरी एकमेकांकडे पाहून ठेका धरतात, तसे हे आहे. पहिला टाळ कोणाचा हे ठरलेले असले की मागच्याने पुढच्याचे ऐकायचे. यात एक शहाणपण आहे, ते सहज नजरेतून सुटते. आपले घड्याळ चांगले आहे, ते कधी चुकत नाही, असे कोणी म्हटले तरी रेल्वे त्यावर विसंबत नाही. घड्याळ चुकते असे धरूनच ती चालते, आणि रोज एकदा ते दुरुस्त करते. जहाजांसाठीही हीच रीत होती. ग्रीनिच येथे १८३३ पासून वेधशाळेच्या माथ्यावरचा एक मोठा गोळा दुपारी बरोबर एक वाजता खाली घसरे, आणि नदीतल्या जहाजांवरचे खलाशी तो पाहून आपली घड्याळे लावीत. मुंबईच्या बंदरातही असा गोळा होता. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, तिचे एक मुख्य काम वेळ सांगण्याचेच.

येथवर ठीक. रेल्वेने आपल्या रुळांवर आपली वेळ पाळावी, याला कोणाची हरकत नव्हती. हरकत निघाली ती सरकारने ती वेळ लोकांच्या घरात घालायला सुरुवात केली तेव्हा.

१८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी हुकूम काढला की सरकारी कचेऱ्यांनी मद्रासची वेळ पाळावी. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३० मिनिटे पुढे. आपल्याच शहरात आपला सूर्य अर्धा तास खोटा ठरला, हे मुंबईकरांना रुचले नाही. व्यापारी मंडळी विरुद्ध गेली, वर्तमानपत्रे विरुद्ध गेली. विद्यापीठाचा राजाबाई मनोरा नुकताच, १८७८ साली, पुरा झाला होता. त्यावरच्या घड्याळाने कोणाची वेळ दाखवावी हा मोठा वादाचा प्रश्न झाला, आणि ते मुंबईच्या वेळेवरच राहिले. दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली.

पण ती माघार कायमची नव्हती. ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास ही भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. ही मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे. आणि त्याच महिन्यात मुंबईच्या हजारो गिरणी कामगारांनी माग सोडले, गिरणीवर दगडफेक केली. मोठमोठ्या सभा झाल्या, हजारो सह्यांचे अर्ज गेले.

आज कोणी म्हणेल, काय अडाणी माणसे, घड्याळाचे काटे पुढे केले म्हणून कोणी दगड मारते काय? पण थोडे त्यांच्या बाजूने पाहू. कामगाराजवळ घड्याळ नव्हते. घड्याळ मालकाचे, गिरणीच्या दारावरचे. कामगार उठे तो उजेडावर आणि पोचे तो भोंग्यावर. काटे ३९ मिनिटे पुढे गेले म्हणजे त्याला ३९ मिनिटे आधी, अंधारात, चाळीतून निघावे लागणार. संध्याकाळी तेवढाच लवकर सुटेल म्हणावे, तर त्याच सुमारास गिरण्यांतून विजेचे दिवे लागले होते, आणि दिवा आल्यापासून अंधार पडला म्हणून काम थांबवायची गरज मालकाला उरली नव्हती. कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा, तीही बारा तासांची, १९११ साली आली. तेव्हा १९०६ च्या कामगाराला आपल्या दिवसाचा सकाळचा तुकडा कोणी तरी काढून नेत आहे असे वाटले, तर त्याची शंका अगदीच खुळी नव्हती. माझ्या मते ती घड्याळावरची दगडफेक नव्हतीच. घड्याळ लावणाऱ्यावर ती होती.

मुंबईच्या नगरपालिकेचा हट्ट तर विशेष. सरकारी कचेऱ्या, रेल्वे, तारखाते नव्या वेळेवर गेले, पण शहरात जुनी "मुंबई वेळ" टिकून राहिली. एकाच रस्त्यावर दोन घड्याळे, दोहोंत ३९ मिनिटांचा फरक. भेट ठरवताना "स्टँडर्ड की बॉम्बे?" असे विचारावे लागे. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ साली सोडली, मुंबईची १९५५ पर्यंत चालली. देश स्वतंत्र होऊन आठ वर्षे झाली होती. मधल्या काळात आणखी एक गंमत होऊन गेली. दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत सरकारने सगळ्या देशाचे काटे एक तास पुढे केले होते. त्या दिवसांत मुंबईत नवी वेळ कोणती आणि जुनी कोणती याचा हिशेब कसा ठेवीत असतील देव जाणे.

सोलापुरात घड्याळाचे काम भोंग्याने केले. १८७० नंतरच्या दशकात येथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही गिरणी निघाली, तीच आपली जुनी मिल. मागाहून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या, आणि शहर भोंग्यावर उठू-जेवू लागले. वारा असेल त्याप्रमाणे भोंगा आसपासच्या खेड्यांतही ऐकू जाई. भोंगा ऐकून चूल पेटवणारी, भोंगा ऐकून गुरे सोडणारी पिढी आपल्याकडे अजून आहे. त्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्याबरोबर भोंगेही गेले.

भोंग्यानंतर खेड्याला वेळ सांगितली ती रेडिओने. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले. बातम्यांच्या आधी वाजणारे टिपके आपल्या कानांत बसलेले आहेत. बी.बी.सी.ने १९२४ साली असे सहा टिपके वाजवायला प्रारंभ केला, तीच कल्पना पुढे जगभर गेली. १९५६ साली पुणे केंद्रावरून दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे बसवून शेतीचे कार्यक्रम ऐकवण्याचा प्रयोग झाला. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम. त्याची चर्चा शेतीसाठी पुष्कळ होते. मला त्यात आणखी एक दिसते : दीडशे चावड्यांवर माणसे एकाच वेळी, एकाच मिनिटाला येऊन बसली. असे आपल्या खेड्यांत पूर्वी कधी घडले असेल? टिपके ऐकून मनगटावरच्या घड्याळाची चावी ओढून धरणारे माझे वडील मला अजून दिसतात. शेवटच्या टिपक्यावर ते चावी दाबीत, आणि मग घरातल्या सगळ्यांकडे असे पाहत, जणू सूर्य त्यांनीच उगवला.

आता विमानाकडे वळू, कारण आपले घड्याळ विमानाच्या दांड्याचे आहे. दांड्याजवळ घड्याळ कशाला, हा प्रश्न कोणालाही पडेल. ती हौस नव्हे. विमान ढगात शिरले की चालकाला खालचे काही दिसत नाही. मग किती वेगाने आणि किती वेळ उडालो यावरून कुठे आलो ते काढावे लागते. वळायचेही घड्याळावरच. ठरावीक कलाने विमान वळवले तर ते एका सेकंदाला तीन अंश फिरते, म्हणजे पूर्ण गोल फिरायला दोन मिनिटे, अर्धा फिरायला एक मिनिट. ढगातून मागे फिरायचे असेल तर कल धरायचा, मिनिटभर घड्याळाकडे पाहायचे आणि सरळ व्हायचे. या मिनिटाचा भरवसा नसेल तर विमान कुठल्या दिशेला तोंड करून निघेल ते सांगता येत नाही.

हे जमिनीवर शिकवायचे यंत्र अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या तरुणाने १९२९ साली बनवले. त्याच्या वडिलांचा बिंगहॅम्टन गावी बाजाच्या मोठ्या पेट्या, ऑर्गन, बनवण्याचा कारखाना होता. आपल्या पेटीला भाता असतो, तसलेच भाते वापरून त्याने एक छोटे लाकडी विमान कलते-वळते केले. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतला खेळ म्हणून घेतले. पण १९३४ साली अमेरिकी सैन्याकडे टपाल नेण्याचे काम आले, आणि खराब हवेत ढगांतून उडण्याची सवय नसल्याने वैमानिक मरू लागले. तेव्हा सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात तर हजारो वैमानिक त्या पेटीत बसून ढगात उडायला शिकले. आपल्याकडे जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले १९३२ साली. ते विमानही होकायंत्र आणि घड्याळ यांच्याच जिवावर आले. कुंभारीतल्या मुलाच्या टेबलावरचा दांडा हा लिंकच्या भात्यांचा पणतू म्हणायला हरकत नाही.

तर तो ७.४२ वर थांबलेला दांडा. मुलाने शोधून काढले की, दांड्याबरोबर आलेला प्रोग्रॅम त्याच्या संगणकावर चालत नाही, कारण त्याच्याकडे लिनक्स आहे. दुसऱ्या कोणी लिहून फुकट वाटलेला एक प्रोग्रॅम त्याने घेतला. तो सुरू होताना एकदा वेळ पाठवी आणि गप्प बसे. मुलाने त्यात भर घातली : दर साठ सेकंदांनी पुन्हा पाठव. घड्याळ चालू लागले. पण मनगटावरच्या घड्याळाशी ताडले तर ते कधी कधी मिनिटभर मागे. त्याचे कारण त्यानेच मला समजावले. प्रोग्रॅम जर एखाद्या मिनिटाच्या पन्नासाव्या सेकंदाला सुरू झाला, तर तो प्रत्येक वेळी पन्नासाव्या सेकंदालाच वेळ पाठवणार. नवे मिनिट लागून पन्नास सेकंद झाले तरी काचेवर जुनेच. मग त्याने असे केले की दर सेकंदाला संगणकाचे घड्याळ नुसते पाहायचे, आणि मिनिट बदलले असेल तरच काचेला सांगायचे. वाटीकडे टक लावून बसायचे, आणि बुडाली की टोला द्यायचा. जुन्या थाळीवाल्याने याहून निराळे काय केले?

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणे. घड्याळ उत्तम चालत होते, फक्त ते अनेक वर्षांपूर्वीच्या एका तारखेला पहाटेची वेळ दाखवीत होते. संगणकाच्या आत एक नाण्याएवढा सेल असतो. वीज गेली तरी आतले घड्याळ त्यावर चालते. जुना संगणक, सेल मेलेला. काच संगणकाचे ऐकत होती, पण संगणकालाच कोणी काही सांगत नव्हते. सोलापुरात नवा सेल घेतला, आणि इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोय मुलाने चालू केली. आपल्या देशाची प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत अणुघड्याळांवर सांभाळतात. सीझियम या धातूच्या अणूंशी जुळणाऱ्या लहरींची ९ अब्ज १९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आंदोलने झाली की एक सेकंद, असे १९६७ सालापासून ठरले आहे. सूर्याचा संबंध तेथेच तुटला.

या दांड्यात आणखी एक खुबी निघाली. काचेवर एकाऐवजी तीन घड्याळे दाखवता येतात. पहिल्याला वेळ सांगायची, दुसऱ्या-तिसऱ्याला फक्त एवढेच सांगायचे की पहिल्यापासून किती मिनिटे पुढे किंवा मागे. परदेशी जाणाऱ्या वैमानिकांसाठी ही सोय. मी म्हटले, "बाळ, दुसऱ्याला उणे ३९ सांग. तिसऱ्याला उणे ९." काचेवर तीन वेळा उमटल्या : आजची, जुन्या मुंबईची, जुन्या मद्रासची. मुलाला गंमत वाटली. मग तो म्हणाला, "सर, आपल्या कुंभारीची वेळ किती?"

प्रमाणवेळेची रेषा साडेब्याऐंशी अंशांवर, कुंभारी शहात्तर अंशांच्या आसपास. साडेसहा अंश, दर अंशाला ४. उणे २६. पण हे कागदावर झाले. नाताळची सुट्टी जवळ होती, आणि २५ डिसेंबर हा वर्षातल्या त्या चार दिवसांपैकी एक, जेव्हा सूर्य सरासरी वेळेशी जवळजवळ जुळून चालतो. एरवी तो पाव तासापर्यंत पुढे-मागे होतो. शिक्षकांनी हा प्रयोग याच दिवसांत करावा, मुलांचा गोंधळ होत नाही.

अंगणात दोन फुटांची सरळ काठी ओळंब्याने उभी केली. तिच्याभोवती दोरीने अडीच फुटांहून थोडे मोठे वर्तुळ आखले. सकाळी सावलीचे टोक आत येताना वर्तुळाला शिवते, ती वेळ लिहायची. दुपारी तेच टोक बाहेर जाताना पुन्हा शिवते, ती वेळ लिहायची. दोहोंच्या बरोबर मध्ये मध्यान्ह. आपल्या जुन्या ज्योतिष्यांची ही रीत. मुलाची आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. टेबल दाराशी ओढून ठेवले होते, तेव्हा आम्ही हाक मारली की ती मान वळवून काचेवरचे आकडे वाची. सकाळी तिने वाचले १०.१०. दुपारी वाचले २.४३. मुलाने वाळूत काडीने हिशेब केला : १२ वाजून साडेसव्वीस मिनिटे. सावलीची कड अंधूक असते, एखाद्या मिनिटाचा फरक त्यात पडणारच. तरी तो उड्या मारत आत गेला आणि दुसऱ्या घड्याळाला उणे २६ सांगून आला.

"आई, हे खालचं आपल्या गावचं घड्याळ. कुंभारीचं खरं."

तिने हातातल्या विडीचे तोंड दुमडले, सुपात टाकली, आणि काचेकडे पाहून म्हणाली, "असू दे की. माल द्यायला मात्र वरच्याच घड्याळानं जावं लागतंय."